कोरड्या फोनातलं पाणी

१

"फोनात पाणी गेलं म्हणत्यात साहेब," सारजाबाई म्हणाली. "आन् पाण्यापायी ह्यांचा आवाज बी गेला म्हणत्यात."

काकासाहेब वाहूळ यांनी समोरच्या बाईकडं नीट पाहिलं. विमा कंपन्यांसाठी दाव्यांची तपासणी करणं हा त्यांचा धंदा. वाळूजकडं कारखाने वाढत गेले तशी उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या या एका खोलीच्या कचेरीत माणसांची वर्दळही वाढत गेली. स्वतःच्या हातानं गोदाम पेटवून समोर बसून हुंदके देणारे शेठ, विकलेला ट्रक चोरीला गेला म्हणून सांगणारे मालक, मेलेल्या भावाच्या जागी जिवंत भावाचा दाखला आणणारे नातेवाईक. माणसांविषयी काकासाहेबांचं एक मत फार पूर्वीच पक्कं झालं होतं, आणि ते बदलायची तसदी आजवर कुणी घेतली नव्हती.

या बाईला मात्र ते ओळखत होते. तिचा नवरा सोनाजी बिडगर वाळूजच्या एका रसायनाच्या कारखान्यात रखवालदार होता. फर्दापूरकडचा धनगर. मेंढरं विकून कामाला आलेला. शिवरात्रीच्या सुमारास कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरला आणि आतल्या वायूनं गुदमरून मेला. त्याला कामावर ठेवणारा ठेकेदार सखाराम दाभाडे यानं लिहून दिलं होतं की सोनाजी दारू पिऊन, पितळी झडप चोरायला टाकीत उतरला. चोराच्या मरणाचा विमा मिळत नसतो. तो दावा तपासणीसाठी काकासाहेबांच्याच टेबलावर पडून होता.

पण बाई विम्याचं बोलायला आली नव्हती. तिनं लुगड्याच्या सोग्यातून एक फोन काढून टेबलावर ठेवला.

"ह्यांनी दिवाळीला नवा घेतला व्हता. टाकीत उतरताना वरच ठिवला व्हता. ते गेल्यावर समोरचा उजेडच बंद पडला. गुलमंडीच्या दुकानदारानं सांगितलं, बाई, वॉरंटीत हाये, कंपनीच्या सेंटरला द्या, फुकट करून देतील. दिला. आता म्हणत्यात, तुम्ही पाण्यात पाडला, वॉरंटी बसत नाय. उजेड आला, पर आवाज गेला."

"कसला आवाज?"

सारजाबाईनं मान खाली घातली. "ह्यांचा. त्यात ते मला नावानं हाक मारत्यात. घरात कधी मारली नाय, चार माणसांत तर नायच नाय. दिवाळीला गावाकडं गेलो तवा फोनात टेप करून ठेवली व्हती, गमतीनं."

काकासाहेबांना अशा गोष्टींचा कंटाळा होता. त्यांनी फोन परत तिच्याकडं सरकवला. "तुमच्या माणसाला टेप करता यायचं?"

"तेवढंच यायचं. लिहायला कुठं येत व्हतं? ठेकेदार फोनवर काम सांगायचा, ते टेप करून ठेवायचे, इसरू नये म्हून. मंग ऐकत ऐकत काम करायचे."

काकासाहेबांनी सरकवलेला फोन पुन्हा आपल्याकडं ओढला.

२

फोनची मागची बाजू उघडून त्यांनी बॅटरी काढली. आतल्या पत्र्यावर एक बारीक टिकली चिकटवलेली होती. पाणी लागलं की ती पांढऱ्याची लाल होते, एवढं त्यांना माहीत होतं. ही लालभडक होती. तशीच टिकली बॅटरीवरही होती. ती मात्र दुधासारखी पांढरी.

मग त्यांनी फोन खिडकीशी नेला. झाकणाच्या खाचेत, बटणांच्या कडेला पिवळी पूड बसली होती.

"हे काय?"

"भंडारा. नवी वस्तू आणली, तर खंडोबाचं नाव घेऊन लावला."

काकासाहेबांनी टाचणीनं खाच उकरली. हळद भुरभुर खाली पडली. भिजलेल्या हळदीचा लगदा होतो, तिचा डाग पडतो. ही पूड कालपरवा लावल्यासारखी सुटी होती. म्हणजे हा फोन पाण्यात पडलाच नव्हता. कुणीतरी ओलं बोट त्या एका टिकलीवर टेकवलं होतं, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गुलमंडीच्या मागच्या सेंटरवर गेली. दारात काच, आत गारवा, भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र. व्यवस्थापकाच्या दारावर 'के. बी. फोलाणे' अशी पाटी होती. आईबापांनी कडुबा असं चांगलं ठसठशीत नाव ठेवलेलं असताना हा माणूस त्याची दोन अक्षरं करून दारावर लावतो, हे काकासाहेबांना पहिल्या भेटीतच पुरेसं होतं.

"सर, आमच्या हातात काही नाही," फोलाणे खुर्चीत रेलून म्हणाला. "लिक्विड डॅमेज आहे. आम्ही सेट उघडलासुद्धा नाही. ही मंडळी फोन गोठ्यात नेतात, विहिरीवर नेतात. आणि मग इथं येऊन रडतात."

"उघडलाच नाही?"

"हात लावला नाही, सर. टिकली बघितली आणि परत दिला."

काकासाहेबांनी फोनचं बटण दाबलं. निळा उजेड पडला. तो त्यांनी फोलाणेच्या नाकासमोर धरला.

"तुमच्याकडं आला तेव्हा हा आंधळा होता. हात न लावता याला डोळे आले?"

फोलाणेचं हसू जागच्या जागी थांबलं. "कधी कधी आपोआप... वाळल्यावर येतं, सर."

"वाळल्यावर." काकासाहेबांनी तो शब्द घाण वस्तू चिमटीत धरावी तसा उच्चारला. फोलाणेची किंमत काय, हे त्यांना कळलं होतं. ती कुणी मोजली, तेवढं कळायचं होतं.

फोलाणे एकदम पुढं झुकला, आवाज खाली आणून म्हणाला, "सर, खरं सांगू का? माझा मेकॅनिक मुंजाबा. त्याच्यावर माझा संशय आहे. सेटमधला माल जातो त्याच्या हातनं. त्यानंच काहीतरी केलं असणार."

३

मुंजाबा बाहेर चहाच्या टपरीवर भेटला. छावणीत राहणारा, अबोल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. साहेबानं आपल्यावर बोट दाखवलं हे ऐकून तो संतापला नाही. त्याला ते अपेक्षित असावं.

"फोन मीच उघडला," तो म्हणाला. "बोर्डात बिघाड व्हता. साहेबांनी सांगितलं, वॉरंटीत हाये, नवा बोर्ड टाक. टाकला. जुना, आतल्या टेपांसकट, त्यांच्या ताब्यात दिला. जुना कंपनीला परत पाठवायचा असतो."

"त्यावेळी टिकली कशी होती?"

"पांढरी. लाल असती तर बोर्ड टाकलाच नसता."

"जुन्या बोर्डावर काय होतं, माहीत आहे?"

मुंजाबानं बशीतला चहा संपवला. "उजेड नव्हता, पर आवाज शाबूत व्हता. तपासताना टेप वाजली. कुणीतरी कुणाला काम सांगत व्हतं, शिव्या देत. आवाज वळखीचा वाटला. मी हसत साहेबांना म्हणलो, हे तर आपले दाभाडेसाहेब. त्यांच्या सगळ्या सुपरवायझरचे फोन आमच्याकडंच येत्यात. साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला आन् केबिनचं दार लावलं. मंग बाहेर येऊन म्हणले, बोर्ड बदल."

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"इचारलंच कुणी?"

या उत्तराचा काकासाहेबांना राग आला. माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात आणि वर, विचारलं नाही म्हणतात. पण मुंजाबा खरं बोलतोय की सगळं साहेबावर ढकलतोय, हे अजून ठरायचं होतं. दोघंही एकमेकांकडं बोट दाखवत होते. जुना बोर्ड दोघांपैकी कुणीही ठेवलेला असू शकत होता.

काउंटरवर आशा नावाची मुलगी बसायची. बोलण्यात तिखट. दुपारी गर्दी ओसरल्यावर काकासाहेबांनी तिला गाठलं.

"त्या बाई आल्या तेव्हा मीच फोन घेतला," आशा म्हणाली. "नवऱ्याचा आवाज आहे, जपा, असं त्या चार वेळा म्हणाल्या. मी आत साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, आपण काय आठवणींचं दुकान उघडलंय का?"

"टिकली कोण तपासतं?"

"फोन घेताना मी. त्यात काय, दोन टिकल्या असतात, एक आत, एक बॅटरीवर. गिऱ्हाईक भांडायला लागलं की दोन्ही दाखवायच्या. शेंबड्या पोरालासुद्धा आता माहीत झालंय." मग ती थांबली. "बाईंच्या फोनच्या दोन्ही पांढऱ्या होत्या. परत देताना मी रजेवर होते. साहेबांनी स्वतः काउंटरवर बसून दिला. ते कधी काउंटरवर बसत नाहीत."

"आणि फोन ते स्वतः कधी उघडतात का?"

आशा फिसकन हसली. "त्यांना स्वतःच्या फोनचं सिमकार्ड बदलता येत नाही. मुंजाबाला हाक मारतात."

काकासाहेब उठले. टेप दाभाडेची होती, एवढं कळलं होतं. दाभाडेनं ती ऐकली होती का? ते फक्त दाभाडेच सांगू शकत होता, आणि तो माणूस सरळ कधीच काही सांगणार नव्हता.

४

सखाराम दाभाडेला काकासाहेब पंचवीस वर्षं ओळखत होते. नामांतराच्या लढ्यात दोघं एकाच जथ्यात होते. विद्यापीठाच्या रस्त्यावर दोघांनी एकाच दिवशी लाठ्या खाल्ल्या, हर्सूलच्या तुरुंगात एकाच घोंगडीवर झोपले. खेड्यांत ज्यांची घरं जळाली ती माणसं त्याविषयी आजही फारशी बोलत नाहीत. दाभाडे मात्र तेव्हापासून दुसरं काही बोललाच नव्हता. त्या बळावर तो आधी पुढारी झाला, मग कामगारांचा कैवारी, मग कामगारांचा ठेकेदार. वाळूजच्या त्याच्या कचेरीत त्याचा स्वतःचाच मोर्चातला फोटो होता, उंबऱ्यातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा.

"ये काका, ये!" दाभाडेनं हात पसरले. "अजून पायीच फिरतोस? तुला किती वेळा म्हणलो, माझ्या धंद्यात ये."

"सोनाजी बिडगरच्या दाव्यासाठी आलोय. मागचीच माहिती पक्की करायची."

मागची माहिती काकासाहेबांच्या नीट ध्यानात होती. सोनाजी मेल्यानंतरच्या आठवड्यात दाभाडे म्हणाला होता: त्या संध्याकाळी मी मुंबईला होतो, सोनाजीशी माझं बोलणंच झालं नाही.

"बिचारा," दाभाडे म्हणाला. "मी स्वतः फोन केला होता रे त्याला त्या संध्याकाळी. बजावून सांगितलं, सोनाजी, झडप गळू दे, टाकीत उतरू नको. पण पिलेला माणूस. ऐकतो का?"

समोरच्या माणसानं, कुणी न विचारता, आपला जबाब बदलला होता. मुंबईला असणारा, न बोललेला दाभाडे आता फोन करून बजावणारा दाभाडे झाला होता. खोटं बोलणारा माणूस चालू असलेलं खोटं उगाच बदलत नाही. जुनं उघडं पडेल अशी भीती वाटली तरच बदलतो. मधल्या काळात असं काय झालं, की त्या फोनची दाभाडेला आठवण झाली?

एकच गोष्ट झाली होती. सारजाबाईचा फोन सेंटरवर आला होता.

"सखाराम, टाकीचा वास तुला माहीत होता?"

"काका, आपण घोंगडी वाटून घेतलेली माणसं. तू माझी चौकशी करणार?"

"वाटून घेतली," काकासाहेब उठत म्हणाले. "तेव्हाही मोठा तुकडा तूच ओढायचास."

दाभाडे मोठ्यानं हसला. मग दार लागायच्या आत काकासाहेबांना त्याचं खालच्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं. फोनवर तो म्हणत होता, "फोलाणे, तो म्हातारा तुझ्याकडं आला होता का? खरं सांग, माझ्यासमोर फोडलास तोच तुकडा होता ना?"

५

रिक्षातून परत येताना काकासाहेबांचा तर्क पक्का झाला. फोलाणेनं दाभाडेला बोलावून त्याचाच आवाज ऐकवला होता, आणि पैसे घेऊन त्याच्यासमोर एक बोर्ड फोडला होता. पण कुठला? फोलाणेच्या सेंटरवर बाद बोर्डांचे खोकेच्या खोके पडलेले असतात. एक बोर्ड दुसऱ्यासारखाच दिसतो. दाभाडेला त्यातलं काय कळणार?

संध्याकाळी सेंटर बंद व्हायच्या आधी ते सारजाबाईला घेऊन फोलाणेच्या केबिनमध्ये शिरले. मुंजाबाला आणि आशालाही त्यांनी आत बोलावून घेतलं.

"बाई बसतील," ते म्हणाले. फोलाणेच्या समोरची गादीची खुर्ची त्यांनी स्वतः ओढून दिली.

"सर, मी सांगितलं ना, मुंजाबानंच..."

"मुंजाबानं टिकली ओली केली असती, तर दोन्ही केल्या असत्या. तो रोज फोन उघडतो. या मुलीनं केली असती, तरी दोन्ही केल्या असत्या. ती रोज दोन्ही दाखवते. बॅटरीवरची टिकली विसरणारा माणूस या सेंटरात एकच आहे. ज्यानं फोन उघडून कधी बघितलाच नाही, तो." काकासाहेबांनी 'तुम्ही' तिथंच सोडलं. "तू, कडुबा. नुसतं बोट ओलं करायचं होतं, तेसुद्धा तुला धड जमलं नाही."

फोलाणेच्या कपाळावर घाम आला. गारव्याचं यंत्र तर चालू होतं.

"बोर्ड मुंजाबानं कंपनीच्या नियमात बसवून बदलला. मग ही बाई नवऱ्याचा आवाज मागायला येणार, जुना बोर्ड कुठाय म्हणून विचारणार, हे तुझ्या लक्षात आलं. म्हणून वॉरंटी उडवलीस, म्हणजे फोन उघडलाच नाही असं सांगता यावं. अडाणी बाई, मेंढरामागची, उजेड आला एवढ्यावर गप बसेल, असं तुला वाटलं. चूक पाण्यात पाडणाऱ्याची म्हटली की माणूस खाली मान घालून जातो."

"सर, पुरावा काय?"

"मला पुरावा नकोय. मला तो बोर्ड पाहिजे."

"तो फोडला. नष्ट केला. दाभाडेसाहेबांना विचारा!" बोलून गेल्यावर फोलाणेनं जीभ चावली.

"विचारलं. त्यालाही खात्री नाही. पण मला आहे." काकासाहेब टेबलावर वाकले. "आवाज नाहीसाच करायचा असता, तर दोन बटणं दाबून पुसता आला असता. तू अख्खा बोर्ड काढून घ्यायला लावलास. पुसायचं असलेली वस्तू कुणी काढून ठेवत नाही. विकायची असलेली ठेवतो. दाभाडेकडून एकदा पैसे घेतलेस, पुन्हा घेता यावेत अशी सोय केलीस. तू प्रामाणिक चोर असतास, तर या बाईचा आवाज कायमचा गेला असता. तू किती हलकट आहेस, यावर मी विसंबलो, कडुबा. माझा अंदाज सहसा चुकत नाही."

फोलाणे सारजाबाईकडं बघत नव्हता. "मी पोलिसांना घाबरत नाही," तो पुटपुटला.

"नकोच घाबरू. मी पोलिसांकडं जातच नाही. मी वाळूजला जातो, दाभाडेला एवढंच सांगतो, की तुझ्यासमोर फोडला तो बोर्ड खोटा होता. खरा कडुबाकडं आहे."

फोलाणेचे ओठ पांढरे पडले. मग तो उठला, किल्ली लावून लोखंडी कपाट उघडलं, आणि देवाच्या तसबिरीमागून कागदात गुंडाळलेली पुडी काढून टेबलावर ठेवली. मुंजाबानं ती उचलली, पाहिली, मान हलवली.

"हाच."

६

बोर्ड फोनात बसवायला मुंजाबाला फार वेळ लागला नाही. उजेड नव्हता, त्यानं अंदाजानं बटणं दाबली. खरखर झाली आणि दाभाडेचा आवाज केबिनभर पसरला.

"झडप बंद कर आत उतरून. वास येतो म्हंजी? तुझ्या मेंढरांचा येत नव्हता का? उद्या तपासणीला माणसं येणार. उतरत नसशील तर उद्यापासून येऊ नको, तुझ्यासारखे छप्पन्न पडलेत नाक्यावर."

मग दुसरा आवाज, सावकाश, जड. "व्हय साहेब. उतरतो."

एवढंच. प्यायलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. आपण काय करतोय ते कळून, नाइलाजानं ते करणाऱ्या माणसाचा होता. आशानं तोंडाला ओढणी लावली. सारजाबाई रडली नाही. ती फोलाणेकडं बघत राहिली, आणि तिच्या बघण्यानं तो खुर्चीतून उठून भिंतीला लागला.

पुढचं सगळं सावकाश, पण झालं. फोलाणेला काकासाहेबांनी दिलेल्या शब्दाचा फारसा उपयोग झाला नाही. ते दाभाडेकडं गेले नाहीत हे खरं, पण पोलिसांकडं मुंजाबा आणि आशा आपण होऊन गेली. दाभाडेला अटक झाली, तेव्हा त्याचे चार लोक काकासाहेबांच्या दारात येऊन, आपल्याच समाजाचा माणूस तुम्ही अडकवलात, असं म्हणून गेले. काकासाहेबांनी त्यांना बसा म्हटलं नाही. ज्या माणसाला टाकीत उतरवलं तो कुठल्या समाजाचा, हे त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. नामांतरात आपण कशासाठी लाठ्या खाल्ल्या, हे या चौघांना सांगत बसण्याइतकी त्यांची किंमत नव्हती. त्यांनी दार लावून घेतलं आणि दाव्यावर आपला शेरा लिहिला: मृत्यू कामावर, हुकमावरून. चोरीचा आरोप खोटा.

कोर्टानं टेपची नक्कल ठेवून घेतली आणि फोन परत दिला, तेव्हा सारजाबाई पुन्हा उस्मानपुऱ्यात आली. यावेळी मुंजाबा सोबत होता. सेंटर त्यानं सोडलं होतं. छावणीत स्वतःची टपरी टाकली होती. बोर्डातला बिघाडही त्यानं दुरुस्त केला होता. फोनला आता उजेड होता.

"लावू का, मावशी?" त्यानं विचारलं.

सारजाबाईनं मान हलवली. खरखर झाली. कुठंतरी मेंढरांचा कलकलाट, वाऱ्याचा आवाज, आणि त्यातून एक पुरुष, हसू दाबत, जवळ कुणी नाही ना याची खात्री करून घेतल्यासारखा:

"सारजे... ए सारजे..."

बाईनं फोन कानाला लावला नाही, छातीशीही धरला नाही. टेबलावरच राहू दिला आणि पदर नीट केला, कुणी मोठं माणूस खोलीत आल्यावर करावा तसा. काकासाहेबांनी खिडकीबाहेर नजर लावली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना समोरच्या माणसाविषयी काही मत ठरवावंसं वाटेना.

"साहेब," सारजाबाई थोड्या वेळानं म्हणाली, "कोर्टाकडं त्या ठेकेदाराच्या बोलण्याची नक्कल हाये ना?"

"आहे. पक्की आहे."

"मंग ह्यातलं त्येचं बोलणं पुसून टाका. माझ्या माणसाच्या शेजारी त्येला नगं ठिवाया."

काकासाहेबांनी मुंजाबाकडं पाहिलं. मुंजाबानं फोन उचलला.

"तुमच्या माणसाचं 'व्हय साहेब' पण जाईल त्याबरोबर," काकासाहेब म्हणाले.

"जाऊ द्या," सारजाबाई म्हणाली. "ते तर पहिलं पुसा."